पडद्याची बायकांकडची बाजू

तुमच्या या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि दर महिन्याला हसते. पिंपळावरची बाई, विहिरीतून येणारा आवाज, पांढरं लुगडं... मी गोंदियात मुलींच्या शाळेत शिकवते. भूत दिसलं म्हणून घाबरून आलेल्या मुलीचा हात धरून मी तिला त्याच कोपऱ्यात परत नेते, आणि तिथे दर वेळी कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर निघतं. तेव्हा मी हे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय. बरं, यात भूत आहे असंही नाही. यात एक विनोदी चित्रपट आहे... मुका, बोलपट यायच्या आधीचा.

चित्रपटाचं नाव सांगत नाही. त्याचे नायक अजून हयात आहेत आणि मला त्यांची अब्रू काढायची नाही. थोडी काढावी लागेल, त्याला इलाज नाही.

आमचे हे कामठ्याचे. घरी धानाची शेती, पण जीव सगळा दंडारीत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गाण्या-नाचाचं, सोंगांचं नाटक. त्यात हे नकला करत. पडणं ही यांची खासियत. बैलगाडीतून पडत, खाटेवरून पडत, काहीच नसलं तर उभ्या जागी पडत. या धंद्यात समोरचा एक दात गेला होता. बायकांची सोंगंही करावी लागत, म्हणून मिशी कधी ठेवली नाही. त्यावरून सासूबाईंची रोज बोलणी खात.

पडून झालं की उठायच्या आधी हे एकदा सगळ्या लोकांवरून नजर फिरवत, अगदी एकेकाकडे पाहत. प्रत्येकाला वाटायचं, हा माझ्याकडेच पाहून हसला. फक्त मी जिथे बसलेली असे तो कोपरा तेवढा सोडून देत. चारचौघांत बायकोकडे पाहिलं की गाव वर्षभर पुरवून पुरवून चिडवतं. मी घरी विचारलं तर म्हणाले, "तुले तं घरी पाहतोच ना. लोकायले काऊन दाखवू?"

एका वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी मुंबईची एक सिनेमा कंपनी कामठ्याला आली. मालकाचा कोणी नातेवाईक गोंदियाला भाताच्या गिरणीत भागीदार होता, त्यामुळे राहणं-जेवण फुकट. चित्रपट होता एका जाड्या जमीनदाराचा, ज्याला उतारवयात लग्नाची हौस येते. आता तुम्हाला पडद्यामागच्या गमती सांगते, ज्या कुठल्याही मासिकात छापून आलेल्या नाहीत. ज्या नायिकेसाठी लोकांनी पुढे सुस्कारे टाकले तो एक मिशी भादरलेला गडी होता. उन्हात दाढी उगवलेली दिसते म्हणून जेवणानंतर परत न्हाव्यापुढे बसायचा. तोंडं उजळ दिसावीत म्हणून पन्नी चिकटवलेल्या फळ्या धरून आमच्या गावची माणसं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी असत, आणि हात अवघडले की फळी हलून ऊन भलत्याच बैलावर पडे. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं. ते मुद्दाम हळू फिरवलं की पडद्यावर माणसं पळापळ करतात. हे मला यांनीच समजावून सांगितलं, पोळ्यांच्या पिठात बोट फिरवून.

जमीनदार नवरदेवाच्या कपड्यात चिखलाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पडतो, असा मुख्य विनोद होता. नायक म्हणाले, मी चिखलात उतरणार नाही. मग यांना बोलावलं. नायकाचा अंगरखा, नायकाचा फेटा, पोटाला कापसाची उशी. अट एकच... चेहरा दिसता कामा नये. कॅमेऱ्याकडे पाठ करूनच पडायचं आणि पाठ करूनच उठायचं.

मी धुऱ्यावर बायकांत उभी होते. हे पडले. सुरेख पडले. पण उशीतला कापूस पाणी प्यायला आणि यांना उठताच येईना. उठायला जात, पोट खाली ओढून नेई. परत उठायला जात, परत बदकन खाली. कंपनीवाले हसून हसून लोळले आणि हँडल फिरवत राहिले. शेवटी गावच्या माणसांनी ओढून काढलं. पुढे जिथे जिथे तो चित्रपट लागला तिथे लोक सगळ्यात जास्त त्या उठण्या-पडण्यालाच हसले. तो अभिनय नव्हता, हे आज पहिल्यांदा सांगतेय.

पुढच्या पावसाळ्यात हे तापानं गेले. वेणू तेव्हा माझ्या पोटात होती.

यांचा फोटो नाही. लग्नात काढायचा होता, गोंदियाला फोटोवाला होता. पण हे म्हणाले, "फोटोत हालाचं नाई म्हणतेत. थे माह्यानं होत नाई." मीही हसून सोडून दिलं. माणूस समोर चालता-बोलता असताना त्याचा कागद कशाला हवा?

मी माहेरी, गोंदियाला दादाकडे आले, शिकले, शाळेत लागले. वेणू मोठी होत होती. आणि एक दिवस तांदूळ निवडता निवडता माझ्या लक्षात आलं, मला यांचा चेहरा आठवत नाहीये. आवाज आठवत होता, चाल आठवत होती, दात नाही हे आठवत होतं... पण चेहरा म्हणून डोळ्यांपुढे आणायला गेलं की ओल्या पाटीवरची अक्षरं पुसावीत तसं व्हायचं. मी कुणाला बोलले नाही. नवरा गेल्याचं रडता येतं. नवऱ्याचा चेहरा विसरले असं कुठल्या तोंडानं सांगणार?

अशात तो चित्रपट गोंदियाला आला. मुंबईत झिजून, नागपुरात झिजून, शेवटी आमच्याकडे, स्टेशनजवळच्या मैदानावर तंबूत. विधवा बाईनं विनोदी सिनेमाला जाणं म्हणजे आमच्या आळीला पुरेसं खाद्य. पण दादाच म्हणाला, "चल. पाठ तं पाठ. त्याचीच हाये ना."

त्या वेळच्या तंबूत पडदा मधोमध लावलेला असे. मशीन आणि पुरुष एका बाजूला, बायका पडद्याच्या पलीकडे. सुरू व्हायच्या आधी एक माणूस बादलीतून पाणी घेऊन पडदा भिजवून जाई, म्हणजे चित्र आरपार उमटे. आम्हांला सगळं उलट दिसायचं... डाव्या हाताचं उजवीकडे, चित्रांच्या मधे मधे येणारी संवादांची अक्षरं तर उलटीच. ती पलीकडून एक जण मोठ्यानं वाचायचा, त्यावर आम्ही हसायचं.

दिवेलागणीचा पहिला खेळ होता. वेणू मांडीला टेकून बसलेली, शेजारी सालेकशाकडची एक म्हातारी, बाजाराला मोहफुलं घेऊन आलेली. वेणूला मी काही सांगितलं नव्हतं. जमीनदार आला, नायिका आली. मग ती बांधी आली. धुरा ओळखला, त्यावरचं पळसाचं झाड ओळखलं आणि मग... हे.

पाठ होती. ओली, चिखलानं भरलेली, नायकाच्या अंगरख्यातली पाठ. पण खांदा असा वर उचलून उठायची तऱ्हा जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. तंबू हसण्यानं हलत होता आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. डोळे मात्र मी मिटले नाहीत, हे शपथेवर सांगते. तेवढ्यात वेणू टाळ्या पिटत म्हणाली, "आई, पाह्य ना, कसा हसून राहिला तो!"

मी म्हटलं, "पाठ आहे ती वेणू. तोंड कुठे दिसतंय?"

"दिसते ना. आपल्याकडंच तं आहे."

म्हातारी पदरात तोंड घालून हसत होती. म्हणाली, "पक्का नकल्या हाये वो बाई. एकेकीकडं पाहून राहिला. आन् समोरचा दात तं हायेच नाई त्याले."

त्या चित्रपटात नायकाला सगळे दात होते आणि झुपकेदार मिशी होती. मी म्हातारीला विचारलं, "मिशी आहे का?"

"कायची मिशी? सफाचट." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले दिसत नाई का?"

खेळ सुटल्यावर मी लाज सोडून दोन-चार बायकांना गाठलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. चिखलात बसलेला, दात पडलेला, सगळ्यांकडे पाहत होता. बाहेर दादा उभा होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "पाठच होती की. दुसरं काय दिसन?"

दुसऱ्या दिवशी शाळेला बुट्टी मारून मी तंबूवर गेले. मशीनवाला बाहेर खाटेवर दाढी करत होता. त्याला म्हटलं, बायकांच्या बाजूला वेगळं काही दिसतं का? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "बाईजी, परदा तो एकच है. इधरसे देखो, उधरसे देखो... उल्टा-सीधा होईल, आदमी थोडे पलटतो?" पण माणूस भला होता. फिल्मचं भेंडोळं काढून तेवढा तुकडा त्यानं उन्हात धरला. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. पाठ, पाठ, पाठ.

त्या संध्याकाळी मी परत गेले. म्हातारी आदल्या दिवशी बसली होती, बरोबर त्याच जागी बसले. वेणूला शेजारी घेतलं. बांधी आली, हे पडले, बायकांत हशा उसळला. मी डोळे फाडून पाहत होते. पाठ. मी वेणूला हळूच विचारलं, "आहे का?"

"आहे."

"कुठे पाहतोय?"

"सगळ्यांकडे." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्याकडे नाही."

मी त्या अंधारात हसले. खरंच हसले, रडता रडता. म्हटलं, धन्य आहे तुमची. गेलात, तरी चारचौघांत बायकोकडे पाहायचं नाही ते नाहीच. इथे मला कोण चिडवणार होतं? एकदा पाहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

घरी येताना वेणूला सांगितलं, तो तुझा बाप. तिसऱ्या दिवशी तंबू उठला. पुढे बोलपट आले, मुके चित्रपट कुणी विचारीनात. तो चित्रपट परत कुठे लागल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मी पत्रं लिहून पाहिली. कंपनी कधीच बुडाली होती. ओल्या कापडामुळे असं दिसतं का, म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनाही विचारलं. त्यांनी फळ्यावर आकृत्या काढल्या, किरण काढले, आणि शेवटी नाही म्हणाले. म्हातारी मला परत बाजारात भेटली नाही. मला अजूनही भुतंखेतं पटत नाहीत, आणि याचा उलगडाही होत नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर कळवावं. मी हसणार नाही.

गेल्या महिन्यात वेणूला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं सहज म्हणून विचारलं, "पोरीनं बापाले पाहिलंच नसन, नाई का?" मी काही बोलायच्या आत वेणू आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि म्हणाली, "पाहिलंय ना."

पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, "सांग ना, कसे दिसत होते?" तिनं सांगितलं... कपाळ रुंद, भुवया जवळजवळ, हसताना डावा डोळा जरा बारीक होतो. मी एकेक शब्द मनात ठेवत गेले. मधेच ती थांबली. म्हणाली, "आई, तू तर त्यांच्याबरोबर राहिलीस. तू रोज पाहिलंयस त्यांना."

"पाहिलंय," मी म्हटलं. "तरी सांग."