सासूबाईंनी घासलेलं पानदान

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर लिहायला आज माझा नंबर. हाताचा चिंचेचा वास जायच्या आत लिहिते.

सासूबाईंचं जुनं पितळी पानदान विकून स्टीलचे डबे घ्यायचं माझ्या मनात होतं. ताडकळसच्या बाजारात शहरातला एक व्यापारी जुनी भांडी विकत घेतो. आज आमी दोघी त्याच्याकडं गेलो.

पानदान फडक्यातून काढलं आणि तो ओरडलाच, "अम्मा, ये क्या करे तुम? शहरातल्या लोकांना काळं पडलेलंच लागतं!"

सासूबाईंनी पहाटे उठून ते लखलखीत घासलं होतं. "घासल्याबिगर भांडं दुसऱ्याच्या हातात देतेत व्हय?" त्या म्हणाल्या.

कपाळाला हात लावून तो चहाला गेला. जाताना सामानावर लक्ष ठेवायला आमालाच सांगून गेला. तेवढ्यात सासूबाईंनी शेजारच्या चिंचवालीकडून मूठभर चिंच घेतली, मला कामाला लावलं आणि त्याच्या सामानातला काळा पितळी गडवाही, म्हणजे तांब्या, चकचकीत केला!

परत आल्यावर त्यानं गडवा उचलला, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि हसायलाच लागला. "ये अब नै बेचता, घर लेके जाता."

पानदान आमच्याबरोबर परत आलं. एसटीत ते मांडीवर घेऊन सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या, तेव्हा मला एकदम आठवलं. मागच्या बाजारी त्यानं शेजारणीचं काळंकुट्ट तबक आनंदानं घेतलं, तेव्हा सासूबाई तिथंच उभ्या होत्या!

आता तुमीच सांगा, मी स्टीलच्या डब्यांचं नाव परत काढू का?