ताईचं इंग्रजी आणि माझं गाऱ्हाणं

नातीला मराठी येत नव्हतं आणि ताईला इंग्रजी. परदेशातली ती पाच वर्षांची पोर फोनच्या पडद्यावर आजीला हात हलवून दाखवायची आणि पळून जायची. मे महिन्यात ती येणार म्हटल्यावर माझी ही थोरली बहीण देवरूखहून थेट रत्नागिरीला माझ्या दारात. मी इथे इंग्रजीच्या शिकवण्या घेतो.

"पोर आजी म्हणून माझ्याजवळ आली पाहिजे. तेवढं इंग्रजी शिकव. जास्त नको."

शहाण्या मास्तरानं 'कम' आणि 'सिट' शिकवून हात झटकले असते. पण समोर प्रेक्षक बसला की मला राहवत नाही. मी माझा लाडका खेळ काढला: आवाज एक, अर्थ दोन. 'सी' म्हणजे समुद्र आणि 'सी' म्हणजे बघणं. 'सन' म्हणजे सूर्य, मुलगाही सनच. 'मीट' म्हणजे भेटणं, आणि मटणसुद्धा.

"म्हणजे मी भेटायला बोलावलं नि तिला मटण वाटलं तर?"

"तर धावत येईल."

"दात काढू नको मेल्या. इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

मे महिन्यात मीही देवरूखला ताईकडे गेलो. पोर आली, ती आईच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, ओढणीआड. ताईनं तोंड उघडलं, पण कुठला 'सी' आणि कुठला 'सन', या गोंधळात शब्दच फुटेना. पोरीनं तोंड फिरवलं. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे नारळ ठेवला. लांबून कुणी आलं की आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्यानं देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मागण्याचं काम माझं.

"बा देवा म्हाराजा, लांबून आलेल्या लेकरांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

ओढणीआडून एक डोळा बाहेर आला. मला तेवढंच हवं होतं.

"बा देवा म्हाराजा, समुद्र तोही सी नि बघणं तेही सी, हा सायबाचा घोळ तूच निस्तर!"

"व्हय म्हाराजा!" भाची हसत सुटली. आणि त्या गलक्यात एक किनरा आवाज: "होय माजा!"

मग मी थांबतो कसला! शेजाऱ्यांच्या शेळीसाठीही मागून झालं. शेवटी माझा घसा बसला. पोरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि समईपाशी उभ्या असलेल्या ताईचा पदर ओढला. आता तू.

"मी? बायका कुठे गाऱ्हाणं घालतात?"

"घाल गो आई," भाची म्हणाली. "देव काय नाही म्हणणाराय?"

ताई खाली बसली. डोळे मिटले. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही पोर माझ्याशी बोलू दे."

"होय माजा!" पोर तिच्या कानातच ओरडली.

ताईला पुढे काही मागताच येईना. पोरीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि हुकूम सोडला, "अगेन!"