उताराआधी

टूरवरचे सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक आणि बोलणं त्याहून बेताचं. सायकलवाले पुढे जायचे आणि मागून सगळ्यांच्या बॅगा, ट्यूबा, केबली आणि पान्यांची पेटी घेऊन व्हॅन. व्हॅन चालवायचा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं तोंड इंजिनाच्या आधी सुरू व्हायचं आणि इंजिन थांबलं तरी चालूच राहायचं.

त्या दिवशी निघायच्या गडबडीत बुलेटताईंनी सायकल आणून उभी केली. ताई ग्रंथपाल. निम्मं आयुष्य लोकांना ‘हळू बोला’ सांगण्यात गेलेलं, पण उतार दिसला की अशा सुटायच्या की मंडळींनी त्यांचं बारसंच करून टाकलं होतं. त्यांच्या पुढच्या ब्रेकच्या केबलचे पीळ सुटले होते. मिस्त्रींनी नवी केबल ओवली, नट बोटांनी फिरवून बसवला, आवळायला पाना उचलला आणि खिशातला फोन वाजला.

बायको होती. “रिपोर्ट आलाय. डॉक्टर मला एकटीला काही सांगेनात. घरचं कुणीतरी घेऊन या म्हणतात.”

“अगं, पण गाठ कसली आहे ते तरी...”

“सांगेनात म्हटलं ना! आणि धाकट्याला बोलू नका. गाडी चालवतोय तो.”

फोन बंद झाला तरी मिस्त्री तो कानाला लावून उभेच होते. वळून बघेपर्यंत ताई सायकल घेऊन गेल्यासुद्धा. त्यांनी पाना पेटीत टाकला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले.

सकाळचा रस्ता फळबागांमधून होता. दुतर्फा झाडं, पाटाचं पाणी, रस्ता कसा पाटासारखाच सरळ. मेहुणा काहीबाही सांगत होता, मिस्त्री हूं हूं करत होते. बागा संपल्या, उघडं माळरान लागलं, तिथे सगळ्यात मागे राहिलेल्या एका आजोबांचं चाक पंक्चर झालं. मिस्त्रींनी ट्यूब बदलली, चाक बसवलं, पाना लावून शेवटचा झटका दिला. आणि हात तिथेच थिजला.

हा झटका सकाळी दिलाच नव्हता.

“गाडी काढ,” ते म्हणाले. “ताईंना गाठायचंय. घाटाच्या आधी.”

“अहो दाजी, हे आजोबा?”

“गाडी काढ म्हणतो ना!”

आजोबा बघत राहिले आणि व्हॅन धूळ उडवत सुटली. ताईंना फोन लावावा, तर तो बॅगेत, बॅग व्हॅनच्या मागच्या सीटवर. त्यांच्याच पाठीशी वाजू लागला. पुढच्या जथ्यासोबत कॅप्टन होता, टूरचा मालक. त्याचा फोन लागेना. माळ संपून दगडखाणी सुरू झाल्या. पांढरी भुकटी, खडीचे ट्रक, एकामागे एक, हॉर्नला कुणी भीक घालेना. वाटेत एकेक सायकलवाला दिसायचा. मिस्त्री खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडायचे, “बुलेटताई कुठंयत?” आणि प्रत्येक जण हसून पुढे हात करायचा.

रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी आली ती सरकेचना. डबा जातोय, डबा जातोय. मिस्त्रींनी दार उघडलं, खाली उतरले, पुन्हा चढले. मेहुण्यानं त्यांचा दंड धरला.

“दाजी, नट ढिला राहिला, कळलं मला. पण तुमच्या हातून राहतोच कसा?”

आणि मिस्त्रींच्या तोंडून नको ते निघून गेलं. “तुझ्या बहिणीला गाठ आलीय. सकाळी फोन आला तेव्हा पाना हातात होता.”

मेहुणा पहिल्यांदाच गप्प झाला. फाटक उघडलं तरी त्याला गिअर टाकायचं भान नव्हतं. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, मग निघाले.

घाटमाथ्यावर कॅप्टन सगळ्यांना पाणी देत उभा होता. गवताळ डोंगर, खाली निळं तळं. “बुलेटताई?” तो म्हणाला. “गेल्या की! त्या कुठल्या थांबतायत?”

तिसऱ्या वळणावर कठड्याला सायकल अडकली होती. ताई पलीकडे, खडकाला टेकून. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. शुद्धीवर होत्या. मिस्त्रींना बघून म्हणाल्या, “चुकलंच माझं. फार वेगात होते. ब्रेक दाबायला उशीर झाला.”

मिस्त्रींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

तळ्याकाठच्या गावातल्या दवाखान्यात मांडीचं हाड मोडल्याचं निघालं. ऑपरेशन करावं लागणार, पाय पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कॅप्टननं मिस्त्रींना जिन्यात गाठलं. त्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

“त्या स्वतःच म्हणतायत, चूक त्यांची,” कॅप्टन हळू आवाजात म्हणाला. “मग तुम्ही कशाला तोंड उघडता? त्यानं त्यांचा पाय काही बरा होणार नाही, आणि टूर मात्र बसेल.”

मिस्त्री त्याला ओलांडून वर गेले. खाटेजवळ उभे राहिले आणि केबल, नट, पाना, सगळं सांगितलं. फोन का आला होता ते मात्र सांगितलं नाही. ती सबब वाटली असती.

ताईंनी त्यांच्यावरची नजर काढून छताकडे नेली.

“मघापासून स्वतःला शिव्या घालतेय मी,” त्या म्हणाल्या. आणि मग, “तुम्ही जा आता. मला तुम्ही समोर नकोत.”

खाली मेहुणा बहिणीशी फोनवर बोलत होता. मिस्त्रींना बघून त्यानं फोन पुढे केला. ती शेजारणीला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली होती. “गाठ काढावी लागणार म्हणाले,” ती सांगत होती. “पण लवकर कळलं म्हणाले. ऐकताय ना? अहो, रडताय काय? मी रडत नाहीये आणि तुम्ही...”

संध्याकाळी मुक्कामाच्या आवारात सायकली ओळीनं लागल्या. रोज सगळे त्या तशाच टाकून आंघोळीला पळायचे. आज प्रत्येक जण आपापल्या सायकलशी वाकून ब्रेक दाबून बघत होता. माळावर सोडलेले आजोबा कुणाच्या तरी टेम्पोतून आले होते. तेही बसले, त्यांनी चाकाचा नट चाचपला, आणि मिस्त्री बघतायत हे कळल्यावर त्यांनी मान खाली घातली.

“दाजी, चला,” मेहुणा म्हणाला. “घरी, माझ्या ताईकडे जाऊ. मी कॅप्टनला सांगितलंय.”

मिस्त्रींनी पान्यांची पेटी ओट्यावर ठेवली, झाकण लावलं, आणि रिकाम्या हातानं त्याच्यामागे निघाले.