पलंगाची खोड

त्यांना सगळे ‘स्थळवाले काका’ म्हणत, पण त्यांनी आयुष्यात एकही लग्न जमवलं नव्हतं. ते स्थळं शोधत ती लोकांना नकोशा झालेल्या टेबलांना, कपाटांना, पाळण्यांना. शाळांमधली बाकं दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांना कचऱ्याच्या पिंपाशेजारी एक धडधाकट खुर्ची दिसली. ती त्यांनी जिन्याखाली आणून ठेवली आणि दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला नेऊन दिली. त्याला सोळा वर्षं झाली.

काकांचा एक नियम होता. वस्तू द्यायची ती तिची खोड सांगूनच. त्यासाठी ते ती आधी स्वतः एक दिवस वापरत आणि मग दोऱ्याने चिठ्ठी बांधत. ‘खोड : खालचा खण ओढताना आधी जरा वर उचलावा.’ ‘खोड : पाहुणे आले की हलतं. पुठ्ठ्याची घडी सोबत दिली आहे.’

तळमजल्यावरची शेजारीण हसायची. “काका, लग्नात एवढं खरं सांगितलं असतं तर आमचं जमलंच नसतं.”

“का? कुणाची खोड लपवली होती?”

“विचारता काय? समोर उभी आहे की!”

आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. काका रोज दूध आणत, तापवत, पीत. भेटायला येणारे म्हणत, “रडून मोकळे व्हा.” कुणी पत्ता सांगितल्यावर डोलवावी तशी ते मान डोलवत. रडू काही आलं नाही.

खोलीत दोन पलंग एकाला एक जोडलेले होते. भिंतीकडचा काकूंचा. मुलगी फोनवर म्हणायची, “बाबा, आईचा पलंग देऊन टाका ना आता. रिकामा बघवत नाही.”

“बघतो,” काका म्हणत.

मग एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली नर्स आली. तिच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांना घरी आणायचं होतं, आणि घरात सगळे जमिनीवर झोपणारे. “खाली झोपले तर त्यांना उठवायचं कसं? काका, आहे का हो एखादा पलंग?”

“आहे,” काकांच्या तोंडून निघून गेलं. पाच वाजता टेम्पो येईल असं ठरलं.

ती गेल्यावर ते चिठ्ठी लिहायला बसले. ‘खोड :’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. काय लिहायचं? त्या पलंगाच्या शेजारी, हातभर अंतरावर, ते अडतीस वर्षं झोपले होते, पण त्याच्यावर एकदाही नाही. आणि जायचा होता तो आजारी माणसाकडे, ज्याला स्वतःची कूसही बदलता येत नव्हती. चिठ्ठीशिवाय देणं शक्य नव्हतं.

दुपारी दोन वाजता ते काकूंच्या पलंगावर आडवे झाले.

भिंतीकडे तोंड केलं. काही नाही. नाकासमोरचा रंग घासून गुळगुळीत झाला होता, तेवढाच दिसला. मग आपल्या पलंगाच्या बाजूला वळले, आणि कमरेत काहीतरी टोचलं. पुन्हा भिंतीकडे वळले. टोचायचं थांबलं.

उठून गादी उचलली. तिसरी फळी फुगून वर आली होती. काकांनी स्क्रू काढून ती उलटी केली. खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ही बाजू वर’. अक्षर त्यांचंच.

अकरा वर्षांपूर्वी खोलीला रंग दिला होता. तेव्हा त्यांनीच पलंग सुटा केला, फळ्यांवर खुणा केल्या आणि पुन्हा जोडला. त्याच आठवड्यात काकूंची खिडकीतली वेताची खुर्ची त्यांनी न विचारता एका पहारेकऱ्याला देऊन टाकली होती. “तिला छान स्थळ मिळालं,” असं ते हसत म्हणाले होते. काकू हसल्या नव्हत्या. तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून झोपू लागल्या. खुर्चीचा राग, असं काका धरून चालले. माणूस किती दिवस रुसतं, असं पहिल्या वर्षी त्यांच्या मनात यायचं. पुढे तेही येईनासं झालं.

एकदा, दिवा मालवताना, काकू म्हणाल्या होत्या, “अहो, मला टोचतं हो अजून.”

खुर्चीचं अजून चालूच आहे, असं काकांना वाटलं होतं. “बघतो,” ते म्हणाले होते, आणि झोपले होते. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही.

फळी नीट बसवायला दहा मिनिटं लागली. ते परत आडवे झाले, आपल्या पलंगाकडे तोंड करून. टोचलं नाही. समोर त्यांची उशी होती, मधोमध डोक्याचा खड्डा पडलेली. आता तरी रडू येईल म्हणून ते बराच वेळ तसेच पडून राहिले. आलं नाही. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

पलंग जिन्यावरून खाली उतरवल्यावर नर्सने दोऱ्याची चिठ्ठी हातात घेतली. “काका, ‘खोड’ एवढंच लिहिलंय. पुढे?”

“होती एक. आज मोडली.”

“त्रासाची होती का?”

“झोपणाऱ्याला होती,” काका म्हणाले.

टेम्पो वळला. दारात उभ्या शेजारणीने विचारलं, “काका, चहा टाकलाय. घेणार का?”

‘बघतो’ हा शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

“घेतो,” ते म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी कप रिकामा केला. साखर घातली होती की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं.