लागीआत्या

आमच्या लागीआत्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १९०० सालच्या चैत्रात, ती आमच्या गावी, किन्हीराजाला, आमच्या विहिरीवर सापडली. माझे आजोबा दौलतराव यांची ती विहीर मालेगावच्या वाटेला लागून होती, आणि पंचक्रोशीत पाणी टिकलेल्या तीन-चार विहिरींपैकी एक होती. पैनगंगेच्या पलीकडच्या निजामाच्या मोगलाईतून माणसांच्या रांगाच्या रांगा त्या वाटेनं वर यायच्या, पाणी प्यायच्या आणि पुढं निघून जायच्या. एक दिवस रांग गेली आणि ढोरांना पाणी पाजायच्या डोणीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसलेली पाच-सहा वर्षांची एक पोरगी मागं राहिली.

माझी आजी मनकर्णाबाई तिला उठवायला गेली, तर ती किंचाळू लागली, "इक्कडे! इक्कडे!"

"इकडंच त आली ना बाई म्या," आजी म्हणाली. पण पोरगी काठ सोडेना आणि तिचं बाकीचं बोलणं कोणाला उमजेना. मोगलाईतली तेलंगी असन, असं लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजीनं पोटावर हात ठेवून विचारलं, "भूक लागली?" आणि आंबिलीची पितळी पुढं केली. पोरगी ती प्यायली. प्यायल्यावर रिकाम्या पितळीकडे बोट दाखवून म्हणाली, "लागली?"

आमच्या भाषेतला तिचा हा पहिला शब्द. आजीनं तिला उचलून घरी आणलं.

लागली म्हणजे आंबील, लागली म्हणजे भाकर, असं तिनं धरून ठेवलं. पण हा शब्द कानावर पडला की दर वेळी काही खायला येईना. माझे वडील रामकिसन तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांना ठेच लागली, ते रडत आले, तर ही त्यांच्या हाताकडे बघत उभी. वैशाखात शेजारच्या गोपीचंदच्या गोठ्याचं छप्पर पेटलं. सगळा गाव "लागली रे लागली!" करत घागरी-बादल्या घेऊन धावला. त्या गर्दीत ही पोरगी आपली पितळी छातीशी धरून सगळ्यांच्या पुढं. आग विझल्यावर लोकांना हसू आवरेना. त्या दिवसापासून तिचं नाव लागी पडलं.

आजी हसली नाही. तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "पोट्टे, भूक लागते, तहान लागते. ऊन लागते, थंडी लागते. मिरची तिखट लागते. तुरीले शेंगा लागतात, गाय दुधाले लागते, लेकराले नजर लागते. जे जे माणसाले येऊन भिडते ना, थे समदं लागते."

हळूहळू लागीला सगळं समजलं. सकाळी कामाला लागायचं, संध्याकाळी दिवे लागायच्या आत ढोरं बांधायची, कोणाच्या नादी लागायचं नाही. वर्षभरात ती आमच्यासारखी बोलू लागली, आजीला मायी म्हणू लागली आणि तिची स्वतःची बोली तिच्या तोंडून गेली. उरले ते दोन-तीन आवाज. त्यांचा अर्थ तिलाही माहीत नव्हता.

ती मोठी झाली, कामाला वाघीण. निंदण असो, वेचणी असो, तिची ओळ सगळ्यांच्या पुढं. मागणी घालायलाही लोक आले. अंगणात बसून ते आजोबांना विचारत, "पोरगी चांगली हाये दौलतराव, पण तुमची कोण लागते?"

"लेकच समजा," आजोबा म्हणत.

त्या 'समजा'वर पाहुणे गूळ-पाणी संपवून उठायचे. जात ठाऊक नाही, गोत ठाऊक नाही, अशा पोरीचं लग्न लागणार कसं? माझ्या आईवडिलांचं लग्न लागलं तेव्हा मांडवात अक्षता वाटायला लागीच फिरत होती. माझी आई प्रयागबाई नवी नवरी होऊन आली आणि त्या घरात तिची पहिली मैत्रीण झाली ती लागी.

आई सांगायची, काम हातावेगळं झालं की लागी शेताच्या धुऱ्यावर जाऊन दक्षिणेकडं तोंड करून उभी राहायची. काय बघतेस म्हटलं की म्हणायची, "काही नाही वो वहिनी. मन लागत नाही." कसली तरी ओढ लागलेली, पण कशाची हे तिला सांगता यायचं नाही. गावानं तिला एकच गोष्ट सांगितली होती की माय तुले विहिरीवर टाकून गेली. ती ऐकून घ्यायची. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. फक्त एक डावा हात आठवायचा, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला.

१९२४ साली, होळीच्या आधी, आजी एका लग्नासाठी वाशीमला गेली होती. त्याच वेळी गावाबाहेर वडारांची पालं पडली आणि डाव्या हातात तशाच कोपरापर्यंत बांगड्या घातलेली लखमा नावाची वडारीण जात्याला टाकी मारायला आमच्या अंगणात आली. एरवी वडारीण दारात दिसली की आजी लागीला काहीतरी निमित्त काढून शेतात पाठवायची. तसं का, हे कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्या दिवशी पाठवणारं कोणी नव्हतं. लागी अंगणातच ज्वारी पाखडत बसली होती.

लखमाचं रांगतं लेकरू दगडाच्या कपच्यांकडं सरकू लागलं. छिन्नीवरची नजर न काढता ती आपल्या तेलंगी बोलीत ओरडली, "इक्कडे उंडु!"

लागीचं सूप हातातच थांबलं.

"काय म्हटलं तुमी?"

"लेकराले म्हटलं. इथंच राह म्हटलं."

"इकडे ये, असं नाही?"

"नाही वो. इक्कडे म्हंजे इथं. इक्कडे उंडु, इथंच राह."

मग लागीच्या तोंडून आपोआप आणखी एक आवाज आला. "अन् वस्ता?"

लखमानं मान वर केली. "येते. मी येते, असं. तुमाले कसं ठाऊक?"

लागीनं उरलेली ज्वारी पाखडली, लखमाला सूपभर दाणे दिले आणि विहिरीवर जाऊन बसली. आई मागून गेली, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, माय टाकून नव्हती गेली मले. इथंच राह, मी येते, असं म्हणून गेली होती. म्या राह्यली नाही. म्या घरी आली."

तिसऱ्या दिवशी आजी परतली. ती पाय धूत होती, तेवढ्यात लागी समोर येऊन उभी राहिली.

"मायी, माही माय आली होती का?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न आजीला कोणी विचारला नव्हता. तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"आली होती," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी, भर दुपारी. दारात उभी राह्यली अन् हातानं दाखवू लागली, एवढी, एवढी पोरगी."

"मंग?"

"तुहा डोळा लागला होता. माही लेक सोजर माघात गेली होती, तुह्याच वयाची. तू तिचाच परकर नेसून तिच्याच गोधडीवर निजली होती. माहा जीव लागला होता तुह्यावर."

"मंग काय केलं?"

"दार लावलं."

बाहेर ती बाई दोन दिवस विहिरीवर बसून होती, आजीनं सांगितलं. हाक मारत होती; रांगांतल्या रडारडीत गावाचं तिकडं लक्ष गेलं नाही. कोणत्या नावानं? आजीला ते नाव आठवेना. आठवू नये म्हणून इतकी वर्षं झटली होती, आता आठवायचं म्हटलं तरी येईना. तिसऱ्या दिवशी नवी रांग आली, तिच्याबरोबर ती गेली. त्या दोन दिवसांत आजीनं लागीला माजघरातून बाहेर येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका फडक्यात दोन लुगडी बांधून लागी वडारांच्या पालावर गेली. लखमाची माणसं मोगलाईकडं परत निघाली होती. आजीनं अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

त्यानंतरच्या दीड वर्षातलं पुढं तिनं मला जे सांगितलं, ते तुटक तुटक. हिंगोली, नांदेड आणि त्याच्या पुढं तेलंगणातल्या निर्मलकडचे खडकाळ माळ. पालापालावर ती म्हाताऱ्या बायांना विचारत फिरली, आणि विचारायचं तर भाषा नाही. लखमा तिची बाजू सांगायची. बाया लागीकडं बोट दाखवून लखमाला काहीतरी विचारायच्या.

"काय पुसून राह्यल्या?"

"ही तुले काय होते, असं. आमच्यात नातं लागत नाही, होते. भूक होते. आग चिकटते."

"प्रत्येकाले न्यारा शब्द?"

"न्यारा."

सगळं एका शब्दात भरून ठेवलेल्या लागीला आता एकेक वेगळं काढून शिकायचं होतं. तीस वर्षांच्या तिच्या जिभेला ते जमेना. लहान पोरं तिच्या बोलण्याला हसायची. आपल्या आईच्या भाषेत आपणच पाहुणी, हे तिला फार लागलं.

निर्मलजवळच्या एका पालावर एक म्हातारी भेटली. त्या दुष्काळात तिनंही एका विहिरीवर पोरगी बसवली होती आणि परत गेली तर जागा रिकामी. गाव कोणतं, ते तिला सांगता येईना. तिनं लागीला जवळ ओढलं, पाठीवरचा पदर बाजूला केला आणि बराच वेळ हात फिरवला. तिच्या पोरीच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता. लागीची पाठ साफ होती.

तरीही म्हातारी म्हणाली, राह इथंच, तू माझी पोरगी हो. लागी एक पावसाळा राहिली. तिच्यासाठी लाकडं आणली, भाकरी भाजल्या, तिचे पाय चेपले. "माया त दोघीलेही होती," ती मला म्हणाली होती. "पण थे रोज दुसऱ्याच पोरीची वाट पाहे, अन् मी दुसऱ्याच मायची. एका घरात दोघी जणी अशा कितीक दिवस राहाव?"

दिवाळीच्या सुमारास ती किन्हीराजाला परतली. तोवर आजोबा वारले होते आणि आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अंगणात पावलं वाजली, तशी आजी भिंत धरून उठली.

"कोण हाये?"

"मी हाये, बाई."

माझी आई सांगायची, त्या 'बाई'नं आजीला जे कळायचं ते कळलं. लागीनं तिला पुढं अकरा वर्षं सांभाळलं. न्हाऊ घातलं, घास भरवले, उन्हाला आणून बसवलं. आजी आजारी पडली की तिच्या उशाशी तीच. पण पुन्हा कधी मायी म्हणून हाक मारली नाही. मला आठवतं, आजी चाचपडत तिचा हात धरायची आणि म्हणायची, "तुह्या मायचा शाप लागला मले." लागीआत्या म्हणायची, "माही माय शाप देणारी नसन, बाई. तुमी खाऊन घ्या." आजी १९३७ ला गेली. शेवटच्या दिवशी तरी लागीनं मायी म्हणायला पाहिजे होतं, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली. मला तसं वाटत नाही. आजीनं तिच्याकडं ते मागितलं नव्हतं. आपण काय नेलं होतं हे आजीला बरोबर ठाऊक होतं.

परतल्यापासून लागीआत्याचा एक नेम झाला. दर वर्षी दिवाळी झाली की ती पैनगंगेपार जायची आणि संक्रांतीच्या आत परत यायची. माझी आई तिला आठ दिवस टिकतील अशा भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. आल्यावर काही कळलं का, असं घरात कोणी विचारत नसे. ती हातपाय धुऊन सरळ कामाला लागे, त्यातच उत्तर मिळायचं. आजी अंथरुणाला खिळली होती ते शेवटचं वर्ष सोडलं, तर यात कधी खंड पडला नाही.

१९४६ ची दिवाळी. मी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आले होते, रिसोडहून. आईनं नेहमीसारखं पहाटे उठून भाकरी केल्या, कडक भाजल्या, फडक्यात बांधल्या. लागीआत्या अंघोळ करून आली, गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. बसूनच राहिली. उन्हं अंगणभर झाली.

"आत्या, उशीर झाला ना वो," मी म्हटलं.

ती बोटांवर काहीतरी जुळवत होती. "माय तवा तिशीची असन," ती म्हणाली. "लय त तिशीची. म्हंजे आता पंचाहत्तर-शहात्तरची. वाटेवर भेटन असं वय नाही राह्यलं तिचं."

तिनं फडक्याची गाठ सोडली. एक भाकर मोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि अर्धी माझ्यापुढं धरली. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून ती कडक भाकर खाल्ली. आई दारात येऊन उभी राहिली, उघडं फडकं तिनं बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"रिसोडले मन लागते का तुहं?" आत्यानं मला विचारलं.

मी खोटंच हो म्हणणार होते. पण तिच्याकडं बघून म्हणवेना. "नाही लागत," मी म्हटलं.

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उरलेल्या भाकरी तिनं टोपल्यात नेऊन ठेवल्या आणि फडकं झटकून दोरीवर वाळत घातलं.