तपासणीपुरता टोन

खाणीच्या उतारावरच्या वस्तीत सगळे त्याला घंटी म्हणत. टेलिफोन कंपनीत तो लाइनमन होता. कुणाचा फोन दुरुस्त केला की एक्स्चेंजमध्ये परत जाऊन त्या घरी स्वतः फोन लावायचा आणि म्हणायचा, "मीच बोलतोय, ठेवा." नोकरीला लागला तेव्हा बरोबर चौघेजण होते. आता एक शिडी उरली होती, आणि तीही एका पायाने लंगडी.

वस्ती खोलात. तिथे मोबाइल फक्त वेळ बघायच्या कामाचा. त्यामुळे म्हातारी माणसं जुना फोन सोडायला तयार नव्हती, आणि कंपनीला तर हे एक्स्चेंज कधीचंच नकोसं झालं होतं. पण सरकारच्या नियामक मंडळाने पाय आडवा घातला होता. ठरावीक संख्येइतके ग्राहक आहेत तोवर एक्स्चेंज बंद करायचं नाही, आणि वर्षातून एकदा मंडळाचा अधिकारी काही घरांत जाऊन फोन उचलून बघणार, असा नियम होता. टोन आला तर ठीक, नाही आला तर कंपनीला दंड.

नियम चांगलाच होता. जमिनीखालच्या तारांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता, एवढंच. केबल घंटीपेक्षा वयाने मोठं. तारांवर कागदाचं वेष्टन. पाणी शिरलं की आणखी काही तारा कुजायच्या. एका घराला तारांची एक जोडी लागते, आणि धडक्या जोड्या आता घरांपेक्षा कमी उरल्या होत्या. घंटीने नवं केबल मागितलं की इंजिनियरसाहेब फाइलीतून मान वर न करता म्हणायचे, "आहे त्यात भागव."

घंटी भागवायचा. कोणती घरं तपासणार हे साहेबांना आधी कळायचं. कसं कळायचं, ते घंटीने कधी विचारलं नाही. त्या सकाळी तो कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या पेटीपुढे उकिडवा बसायचा, एका घराची जिवंत जोडी काढून दुसऱ्याला द्यायचा आणि अधिकाऱ्याची गाडी गेली की परत जागच्या जागी लावायचा.

त्या वर्षी हेडमास्तरांचं घर तपासायचं होतं. निवृत्त माणूस, तोंडाने फटकळ. त्यांचा फोन कित्येक महिने मुका होता आणि त्यांनी थेट मंडळाकडे तक्रार केली होती. त्यांना जोडी द्यायची तर ती कुणाची काढायची? ज्याची काढावी तो आरडाओरडा करणार. घंटीला एकच घर दिसलं, जिथून कधी ब्र निघाला नसता. त्याच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं. आई गेल्यावर तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता.

सकाळी बायको म्हणाली, "ताईंची काढताय? भाऊजींचं हृदय कसं झालंय, माहीत आहे ना?"

"तासा-दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"मग त्यांना सांगून तरी ठेवा."

"सांगितलं की ती काळजी करत बसणार. तुझं आपलं काहीतरीच."

अधिकारी आला, साहेबांना आणि घंटीला बरोबर घेऊन. हेडमास्तरांच्या घरी त्याने फोन उचलून कानाला लावला आणि मान डोलावली. हेडमास्तर पुढे झाले. "अहो, कालपर्यंत मेलेला होता हा!"

"सरकारी वेळ असा फुकट घालवू नका," अधिकारी म्हणाला. साहेब हसले, म्हणून घंटीही हसला.

गाडी निघाल्यावर तो पेटीकडे जाणार होता. पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. "चल, आज माझ्याबरोबर जेव." कँटीनमध्ये अधिकाऱ्याच्या शेजारी त्याला खुर्ची मिळाली. जेवण झालं, चहा झाला, साहेबांच्या जुन्या गमती झाल्या. घंटी प्रत्येक गमतीला हसला आणि मनात म्हणाला, हा एवढा चहा झाला की उठतो.

तेवढ्यात ताईची शेजारीण धापा टाकत दारात आली. "घंटी, ऊठ रे. तुझे भाऊजी गेले."

तो सायकलवर सुसाट निघाला. पण आधी ताईकडे नाही गेला. आधी पेटीपाशी थांबला. त्याने ती जोडी काढून ताईच्या जागी घट्ट बसवली, पेटीला कुलूप लावलं आणि मग घरी पोचला.

खोलीत माणसं जमली होती. भाऊजी खाटेवर, तोंडावर चादर. ताई जमिनीवर बसून एकच बोलत होती, "फोन लागेना. कितीदा लावला, आतून आवाजच येईना. म्हणून मी मोबाइल घेऊन उतार चढून वर पळाले. रुग्णवाहिका आली तोवर..."

कुणीतरी सहज फोन उचलला. "टोन तर आहे की!"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने घंटीकडे पाहिलं. तिच्या घरात फोनमधलं त्याच्याइतकं कळणारं दुसरं कोण होतं?

घंटी तिच्याजवळ बसला. तिचा हात हातात घेतला. "ताई, माणूस घाबरला की हात कापतात. नीट उचलला गेला नसेल."

"होय का रे?" ती म्हणाली. "तसंच झालं असेल."

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्यासमोर बसायची नाही.

हेडमास्तरांचा फोन पुन्हा मुका झाला. त्यांनी आता तक्रार करायचंही सोडलं आणि मुलाकडे निघून गेले. आणखी दोन-तीन घरं रिकामी झाली. ग्राहकांची संख्या नियमाच्या अगदी काठावर आली, तेव्हा एक दिवस ताई घंटीला म्हणाली, "हा फोन काढून ने. माझ्या हातून नवरा गेला याच्यापायी. बघवत नाही मला."

"ताई, तुझा फोन गेला तर एक्स्चेंज बंद होईल."

"होऊ दे."

मग त्याने सांगितलं. पेटी, जोडी, हेडमास्तर, कँटीनमधला चहा, सगळं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराने त्याचे डोळे पुसले.

"नोकरीसाठी माणसाला काय काय बोलावं लागतं," ती म्हणाली. "स्वतःवर असलं बालंट घेऊ नकोस, वेड्या. त्या दिवशी टोन होता की, सगळ्यांसमोर."

तो बरोबर आलेल्या बायकोकडे वळला. "तू तरी सांग तिला."

"मला काय त्या तारांमधलं कळतं?" बायको म्हणाली, आणि आत निघून गेली.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी दार लावून घेतलं. "लाइन चालू होती असं अधिकाऱ्याच्या अहवालात आहे. अहवाल खोटा म्हणतोस? मग जेलात पहिला तू जाशील. अरे, एवढी वर्षं इमानाने काम केलंस, शेवटी तरी नाव खराब करू नकोस."

फोन काढायचं काम लाइनमनचंच. घंटीने ताईच्या भिंतीवरून तार सोडवली, खिळे उपटले, भोकं बुजवली. काम नेहमीसारखं नीटनेटकं झालं. महिन्याभरात एक्स्चेंजला टाळं लागलं. साहेबांची शहरात बढतीवर बदली झाली. घंटीची नोकरी गेली, कंपनीची खोली सोडावी लागली, तेव्हा ताईच म्हणाली, "इथे माझ्याकडे या दोघं. एवढं घर मला एकटीला काय करायचंय?"

आता तिघं एकत्र राहतात. कुणी भेटायला आलं की ताई त्या दिवसाची हकीकत सांगते. हात कसा कापला, कानाला उलटा लावला असणार, आणि बिचाऱ्या भावाने आपल्याला वाचवायला स्वतःवर कसं घेतलं, तेही सांगते. येणारे घंटीकडे कौतुकाने बघतात. बायको चहाचे कप ठेवते आणि तीही त्याच्याकडे बघते.

पाहुणे गेले की ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवते. "माझ्यापायी तुझी नोकरी गेली रे," म्हणते. "मला माफ कर."

आणि दर वेळी त्याला म्हणावं लागतं, "केलं, ताई."