नांदेडच्या वाट्याचा वजीफा

निजामी राज्याची ती शेवटची वर्षं होती. नांदेडच्या आमच्या शाळेत सगळं उर्दूतून चालायचं. गणिताला रियाजी म्हणायचे, त्रिकोणाला मुसल्लस, वर्तुळाला दायरा. घरी मराठी बोलायचं, गल्लीत दखनी बोलायचं आणि परीक्षेत उर्दू लिहायचं, याची आम्हाला सवय झाली होती. तरी वर्गातल्या मुसलमान पोरांना भाषा आयती मिळाली आणि मला ती कमवावी लागली, ही अढी माझ्या मनात होती. ती अढी मी जपून ठेवली होती असं आता वाटतं, कारण पुढं तिचा मला फार उपयोग झाला.

मॅट्रिकला मी वर्गात पहिला आलो. दुसरा आला माझा दोस्त. तो मुसलमान, त्याचा बाप कल्हईवाला होता. पितळी भांड्यांना कल्हई लावायचं त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. शाळेतून आला की हा भाता ओढायला बसायचा. मांडीवर पुस्तक, एक हात भात्यावर. त्याची बोटं कायम काळी असायची आणि त्याच्या वह्यांच्या पानांवर त्या बोटांचे ठसे असायचे. एकूण नंबर, म्हणजे गुण, माझे जास्त होते. रियाजीत आणि सायन्समध्ये त्याचे जास्त होते, आणि थोडेथोडके नव्हते.

रियाजीचे मास्तर हैदराबादचे होते. आम्ही त्यांना मौलवीसाहेब म्हणायचो. उंच, वाळकुडे, सदा खोकणारे. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं आणि एक छापील कागद दाखवला. हैदराबादला जाऊन आधी इंटर करायचं, मग इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं, त्यासाठी सरकार हुशार पोरांना वजीफा देणार होतं. वजीफा म्हणजे शिष्यवृत्ती. फी, राहणं, जेवण, सगळं त्यात. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला एक जागा होती.

मास्तरांनी दोघांचे नंबर कागदावर एकाखाली एक मांडले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुमच्या दोघांपैकी एकाला नक्की मिळेल. दोघांनी दरख्वास्त द्या."

माझा दोस्त दुकानात काम आहे म्हणून उठून गेला. मी मागं थांबलो.

"मौलवीसाहेब, खरं सांगा. कोणाला मिळेल?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारलंस म्हणून सांगतो. त्याला मिळेल. तुझे नंबर जास्त आहेत, पण तिथं समोर बसवून सवाल विचारतात. तू रियाजी पाठ करतोस बेटा. तो समजून घेतो."

हे त्यांनी रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मायेनं सांगितलं.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. आण्णा तहसील कचेरीत पेशकार होते, साहेबांपुढं कागद ठेवायचं काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर त्यांचा, राज्य त्यांचं. ते त्यांच्याच पोराला देणार. यात नवल काय?" मला ते लगेच पटलं. मास्तरांनी सांगितलेलं कारण पचत नव्हतं, हे पचलं.

दोन दिवसांनी मास्तरांना हैदराबादहून तार आली. त्यांची आई आजारी होती. जाताना त्यांनी तो छापील कागद माझ्या हातात दिला. गाडीची वेळ झाली होती, टांगा दारात उभा होता. म्हणाले, "दोघं मिळून वाचा. महिनाअखेर दोघांच्या दरख्वास्ती शाळेत द्या. मी सदर मुदर्रिसांना सांगून ठेवलं आहे." सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तर. मी हो म्हणालो आणि त्यांची ट्रंक टांग्यात चढवून दिली.

कागद मी घरी नेऊन तीनदा वाचला. त्यात एक कलम होतं. नंबर जवळपास सारखे असतील तर ज्या घरची परिस्थिती बेताची त्या मुलाचा विचार आधी होईल. म्हणजे तिथंही तोच पुढं होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. त्याचा बाप बाहेर गेला होता. तो एका मोठ्या हंड्याला नवसागर चोळत होता आणि धुरानं डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता.

"कागद वाचला?" त्यानं विचारलं.

"वाचला."

"यार, सच्ची बोल. मेरा कुछ होता क्या?"

आम्ही दोघं दखनीतच बोलायचो. मी म्हणालो, "नै होता." आणि मग म्हणालो की बाप सरकारी नोकरीत असायला पाहिजे असं त्यात लिहिलंय.

हे वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. निदान मी स्वतःला आजवर तसंच सांगत आलोय. पण कागद मी घरीच ठेवून गेलो होतो, आणि तो चुकून राहिला नव्हता.

त्यानं हंडा खाली ठेवला. "कागद किधर है?"

"शाळेत दिला परत."

त्यानं हात चिंधीला पुसले. मला वाटलं, आता हा शाळेत जाऊन विचारणार. पण तो म्हणाला, "वही मैं सोचा. अपने कू कौन देता?" आणि पुन्हा भाता ओढायला लागला. त्याला माझं खोटं इतक्या लवकर खरं वाटलं, कारण तसंच काहीतरी असणार असं त्याला आधीपासून वाटत होतं. मी फक्त ते बोलून दाखवलं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर भांडला असता. मीसुद्धा भांडलो असतो.

महिनाअखेर शाळेतून एकच दरख्वास्त गेली. हेडमास्तरांनी मला विचारलं, "आणि तो?" मी म्हणालो, त्याच्या घरचे बाहेरगावी पाठवायला तयार नाहीत. त्यांनी मान हलवली आणि शिक्का मारला. पंधरा दिवसांनी माझा दोस्त धर्माबादला एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनाला तेल घालायच्या कामावर लागला. जाताना मला भेटून गेला. हैदराबादला गेल्यावर पत्र टाक म्हणाला.

मुलाखतीसाठी आण्णा मला हैदराबादला घेऊन गेले. नवा कोट शिवला होता, तो खांद्यात आवळत होता. एका मोठ्या इमारतीच्या व्हरांड्यात आम्ही पंचवीस-तीस पोरं बाकांवर बसलो होतो. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी, सगळ्या बोली कानावर येत होत्या. माझा नंबर दुपारी लागला. आत तिघेजण होते. मधल्या म्हाताऱ्या साहेबांनी भूमितीचं एक प्रमेय विचारलं. मी ते घडाघडा म्हणून दाखवलं, उर्दूत, एक शब्द न चुकता. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं जिंकलो.

मग त्यांनी माझ्याकडं पाटी सरकवली. "आता आकृती उलटी काढा. पाया वर, टोक खाली. आणि हेच सिद्ध करून दाखवा."

मी आकृती काढली. पण अक्षरं कुठं द्यायची ते मला कळेना. पाठ केलेलं सगळं सरळ आकृतीचं होतं. मी पुन्हा तेच म्हणायला लागलो आणि मध्येच अडकलो. खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

डाव्या बाजूला बसलेल्या साहेबांनी माझा अर्ज उचलून नाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "उर्दूमुळं अडत असेल तर मराठीतून सांगा बाळ. आम्हाला चालेल. घाई करू नका."

इतकी वर्षं मी ज्या भिंतीला टेकून उभा होतो ती त्यांनी एका वाक्यात काढून घेतली. मी मराठीत तोंड उघडलं आणि माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. मला ते येत नव्हतं. कुठल्याच भाषेत येत नव्हतं. त्या वेळी मला माझा दोस्त दिसला, मांडीवर वही घेऊन तोच मुसल्लस इकडून तिकडून फिरवून बघणारा. तो हे असं सहज करायचा, आणि करून झाल्यावर मला समजावून सांगायला बघायचा. मी म्हणायचो, परीक्षेत असं विचारत नाहीत.

बाहेर आल्यावर आण्णांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "उर्दू फार अवघड होती."

पावसाळा अर्धा सरल्यावर पत्र आलं. नांदेड जिल्ह्यातून लायक उमेदवार आढळला नाही, सबब यंदाचा वजीफा दुसऱ्या जिल्ह्याकडं वळवला आहे. आण्णांनी कचेरीतल्या ओळखीनं चौकशी केली. त्यांना खात्री होती की कुणातरी बड्या मुसलमानाच्या पोराला दिला असणार. प्रत्यक्षात तो गेला होता करीमनगरकडच्या एका तेलुगू शाळामास्तराच्या मुलाला. त्यानंतर आण्णांनी घरात वजीफ्याचा विषय काढला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी मला कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटवलं. दिवसभर जुन्या कागदांच्या नकला करायच्या.

मौलवीसाहेब आईला माती देऊन तोवर परत आले होते. त्यांनी मला शाळेत बोलावून घेतलं. वर्ग सुटले होते. ते खिडकीशी उभे होते.

"त्याची दरख्वास्त का गेली नाही?"

"त्याच्या अब्बांना पाठवायचं नव्हतं."

"तू त्याला कागद दाखवलास?"

"हो."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणाले, "एक जागा होती. एका पोराची जिंदगी होती. वाया गेली." आणि मला हातानंच जा म्हणून सांगितलं. त्यांना संशय आला होता की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढं राज्य गेलं. आमच्या आजूबाजूची कितीतरी मुसलमान घरं त्या धामधुमीत रिकामी झाली. कल्हईवाल्याचं दुकानही बंद झालं. दोस्ताचं काय झालं याची चौकशी मी केली नाही. चौकशी करायची तर आधी काय बोलायचं ते ठरवावं लागलं असतं. मी खासगीतून बी.ए. झालो आणि लातूरच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो. होय, गणिताचा. पाठ करून घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. माझ्या वर्गाचे निकाल चांगले लागत. लोक घरी येत, मुलाची गुणपत्रिका पुढं ठेवत आणि विचारत, "मास्तर, इंजिनिअरिंगला लागंल का हो? स्कॉलरशिप मिळंल का?" मी आकडे बघून सांगत असे, आणि माझे अंदाज सहसा चुकत नसत. लातुरात त्यासाठी माझं नाव झालं होतं. नाव झालं होतं याची मला शिसारी यायची, पण आलेल्याला मी परतही पाठवत नव्हतो.

धर्माबादला गेलो तो बऱ्याच वर्षांनी, पुतणीच्या लग्नाला. मांडवात जेवताना कोणीतरी म्हणालं, जिनिंगमधले मुसलमान मिस्त्री नांदेडचेच आहेत, सगळ्या तालुक्याची इंजिनं त्यांच्या हातावर चालतात. मी हात धुतले आणि तसाच निघालो.

तो इंजिनाच्या खोलीतच होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला, हात चिंधीला पुसले, गळ्यात पडला. बाकड्यावर बसवलं. सरकी आणि कापूस वेगळा करणाऱ्या यंत्राला त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक जोड लावला होता, तो दाखवला. मला त्यातलं काही समजलं नाही. मी मान डोलावत राहिलो. शेवटी मला राहवेना.

"त्या वजीफ्याच्या कागदात बाप नोकरीत पाहिजे असं काही लिहिलेलं नव्हतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो."

"ठाव हाय," तो म्हणाला. आता तो धर्माबादी मराठी बोलत होता. "मौलवीसाहेब आलते हितं, मरायच्या आधीच्या साली. त्यांनी विचारलं, तुझ्या बापानं का अडवलं रे? मी म्हन्लं, बापाला तर म्हाईतच नव्हतं. मग दोघं बसून राहिलो. दोघांस्नी समजलं."

"मग मला कधी बोलला नाहीस?"

"काय बोलायचं?" त्यानं चिंधी घडी करून खिशात घातली. "तू इंजिनेर झाला असतास ना, तर म्हन्लो असतो, जाऊ दे, कोनाच्या तरी कामाला आलं. लई साल मी तेच समजून चाललो. आपला दोस्त कुठंतरी पूल बांधत असंल. मग मौलवीसाहेबांनी सांगितलं की तुला बी मिळालं न्हाई. त्या दिवशी राग आला बघ. त्याच्या आदी न्हाई आला."

तेवढ्यात मागच्या घरातून त्याची मुलगी चहा घेऊन आली. मॅट्रिकची परीक्षा दिली होती, गणितात बापावर गेली आहे असं त्यानं सांगितलं. मुलीनं लाजून खाली बघितलं. मी सवयीनं म्हणालो, "गुणपत्रिका आली की मला पाठव. कुठं लागेल, काय मिळेल, मी बघून सांगतो."

"नको," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तिच्या शाळेतल्या बाईंनी बघितलं हाय सगळं. फारम बी पोरीनं सोताच आनला."

चहा फार गोड होता. मी संपवला. त्याला कोणीतरी पट्टा सटकला म्हणून हाक मारली आणि तो उठून गेला. मुलीनं माझ्या हातातली कपबशी घेतली. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो, पण तो काही परत आला नाही. मग मी स्टेशनाकडं चालायला लागलो.